लेबल लावण्याआधी

[काळा पडदा. कीबोर्डचा आवाज. हळूहळू कामांची एक लांबलचक यादी दिसू लागते.]

रात्रीचे अकरा. एका सॉफ्टवेअर प्रकल्पात नवी तक्रार येऊन पडते: लॉगिन केल्यावर पान कोरं दिसतं. टीम झोपलेली आहे. तक्रार वाचतो तो एक एआय एजंट, म्हणजे सोपवलेलं काम स्वतःहून करणारा एआय प्रोग्राम. कशाबद्दल आहे ते त्याला चटकन कळतं. आता तिच्यावर लेबल लावायचं, म्हणजे सकाळी ती योग्य माणसाच्या हाती जाईल.

शब्दांची त्याला ददात नाही. बग, एरर, लॉगिन-प्रॉब्लेम, अर्जंट... यातलं काहीही तो लिहून टाकू शकतो. घोळ होतो तो इथेच.

[गिटहबच्या नव्या प्रकल्पाचं लेबलांचं पान.]

गिटहबवर, म्हणजे सॉफ्टवेअर प्रकल्पांचा कोड आणि तक्रारी ठेवण्याच्या संकेतस्थळावर, नवा प्रकल्प उघडला की नऊ लेबलं आयती मिळतात. बग, डॉक्युमेंटेशन, डुप्लिकेट, एन्हान्समेंट, गुड फर्स्ट इश्यू, हेल्प वॉन्टेड, इनव्हॅलिड, क्वेश्चन आणि वोन्टफिक्स. पुढे प्रत्येक टीम आपापली भर घालत जाते. आता गंमत बघा. एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामने गिटहबशी थेट बोलायच्या वाटेने, एखाद्या इश्यूला (तक्रारीला) प्रकल्पात नसलेलं लेबल लावलं आणि लावणाऱ्याकडे लिहिण्याची परवानगी असली, तर गिटहब हरकत घेत नाही. ते लेबल मुकाट्याने तयार होतं.

म्हणजे आज 'बग', उद्या 'बग्स', परवा 'बग-रिपोर्ट'. सकाळी चहाचा कप घेऊन जो 'बग' लेबलाने यादी गाळतो, त्याला रात्रीची तक्रार दिसतच नाही. ती यादीत आहे, उघडी आहे, पण ज्याने सोडवायची त्याच्या नजरेआड आहे. एका माणसाकडून ही चूक महिन्यातून एकदा होईल. एजंट तीच चूक एका रात्रीत शंभरदा करू शकतो.

लेबल म्हणजे नुसती रंगीत चिठ्ठी असं वाटत असेल, तर कुबरनेटीस प्रकल्पाकडे पाहा. अनेक सर्व्हरांवर सॉफ्टवेअर चालतं ठेवणारा, गूगलने 2014 साली खुला केलेला हा प्रकल्प. इथे 'एलजीटीएम' (लुक्स गुड टू मी, मला ठीक वाटतं) आणि 'अप्रूव्ह्ड' ही दोन लेबलं लागल्याशिवाय कोड मुख्य शाखेत, म्हणजे प्रकल्पाच्या अधिकृत प्रतीत, जात नाही. 'डू-नॉट-मर्ज/होल्ड' लागलं की पूर्ण तयार कोडसुद्धा दारात थांबतो. लेबलं लावण्याचं बरंचसं काम बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, करतो, माणसं कॉमेंटमध्ये आज्ञा लिहितात. कोणी भलतंच लेबल मागितलं तर बॉट स्वच्छ सांगतो: हे लेबल या रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) नाही, लावता येणार नाही. नवं हवं असेल तर लेबलांच्या सामायिक फाइलमध्ये बदल सुचवायचा, इतरांनी तो तपासायचा, मग ते लेबल येतं. मला ही शिस्त मनापासून आवडते. जगभरची माणसं एकमेकांना न भेटता एकत्र काम करतात, ती अशा ठरवून घेतलेल्या शब्दांच्या बळावर.

एजंटलाही हे शब्द विचारून घेता यायला हवेत.

[पडद्यावर एका टूलचं नाव आणि त्याखाली दोन ओळींचं वर्णन.]

नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. एआयला बाहेरच्या सेवांशी जोडण्याची ही ठरलेली पद्धत. यात सेवेच्या बाजूचा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, एजंटला सांगतो की माझ्याकडे ही ही टूल्स, म्हणजे तुला वापरता येतील अशी साधनं, आहेत. प्रत्येकाचं नाव, वर्णन आणि त्याला कोणती माहिती द्यावी लागेल, एवढं कळवतो. गिटहबच्या स्वतःच्या एमसीपी सर्व्हरमध्ये लेबलांची यादी आणणारं टूल आहे, एकच लेबल पाहणारंही आहे. ही टूल्स फक्त वाचतात, काही बदलत नाहीत, त्यामुळे एजंटने ती दहादा वापरली तरी बिघडत नाही.

सगळा जीव आहे तो त्या वर्णनात. 'लेबलं आणते' एवढंच लिहिलं तर टूल कधी वापरायचं हे एजंटला उमगत नाही. 'लेबल लावण्याआधी नाव इथे तपासा. जुळलं नाही तर नवं बनवू नका, माणसाला विचारा' असं लिहिलं, तर त्याच्या वागण्यात फरक पडतो.

यादी अर्धवट येऊनही चालत नाही. गिटहबचा एपीआय न सांगता एका वेळी 30 लेबलं देतो, सांगितलं तर 100. कुबरनेटीसच्या मुख्य रेपॉझिटरीत लेबलं शंभरावर आहेत. पहिलंच पान वाचून 'असं लेबल नाही' म्हणणारा एजंट खोटं बोलतो, आणि तेही पूर्ण खात्रीने.

[दोन लेबलं शेजारी शेजारी. दोन्हींवर लिहिलेलं: दुसऱ्या टप्प्यात.]

आता आपल्या मराठीकडे. पुढे ढकललेल्या कामांवरची ही दोन लेबलं नीट पाहा. डोळ्यांना फरक दिसणार नाही. पण पहिल्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना संगणकासाठी दिलेल्या क्रमांकांमध्ये, त्याचा क्रमांक 0931. दुसऱ्यात साधा 'र' आहे, 0930, त्याला हलन्त, आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक. एक आलं फोनच्या कीबोर्डवरून, दुसरं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून. संगणकासाठी हे दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करण्याची प्रक्रियाही, त्यांना एक करत नाही. म्हणून मराठीत काम करणाऱ्या टीमसाठी असं टूल बनवायचं तर शोधताना दोन्ही रूपं एका साच्यात आणावी लागतात, आणि उत्तर देताना मूळ नाव जसंच्या तसं परत द्यावं लागतं. जरासं काम आहे. ते आपणच करायचं, कारण ज्याला 'ऱ्या' लिहावं लागत नाही त्याला ही अडचण सुचणारही नाही.

[पुन्हा रात्रीची ती यादी.]

अकरा वाजून दोन मिनिटं. एजंटने पूर्ण यादी मागवली, 'बग' जसं होतं तसं उचलून तक्रारीवर लावलं. ती आत्ता घ्यायची की पुढे ढकलायची, याला मात्र त्याने हात लावला नाही. तक्रारीखाली एक ओळ लिहून ठेवली:

'दुसऱ्या टप्प्यात' या नावाची दोन लेबलं सापडली. दोन्हींवर कामं आहेत. यातलं कोणतं ठेवायचं?