मूल अडलं की आपला हात पुढे जातो, त्याबद्दल

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज ठरवलेला विषय बाजूला ठेवलाय. प्रश्न असा: "ताई, बालकेंद्री शिक्षण म्हणजे मुलाला हवं ते करू द्यायचं ना? मग शिस्त कधी लागणार? चारचौघांत ते कसं वागणार?"

इतिहास भराभर सांगते, तो तुम्हाला ठाऊकच असेल. रूसो या विचारवंताचं शिक्षणावरचं पुस्तक 'एमिल' १७६२ सालचं. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली, तिचंच पुढे किंडरगार्टन झालं. अमेरिकी विचारवंत ड्युईंची शिकागोतली प्रयोग म्हणून काढलेली शाळा १८९६ ची, इटलीच्या डॉक्टर माँटेसरींची रोममधली लहान मुलांची पहिली शाळा ६ जानेवारी १९०७ ची. प्रत्येकाची वाट वेगळी, पण सुरुवात सगळे मुलापासूनच करतात. त्याला आत्ता काय येतंय, ते कशात रमतंय, कुठे अडतंय, हे आधी बघायचं आणि मग काय शिकवायचं ते ठरवायचं. एवढं पुरे.

आता अवघड भागाकडे येऊ. तो म्हणजे मूल अडतं तो क्षण. तिथेच सगळं ठरतं, आणि तिथेच आपण मोठी माणसं चुकतो.

माँटेसरी शाळेतली दट्ट्यापेटी बघितलीय तुम्ही? लाकडाचा लांबट ठोकळा, त्यात दहा खाचा आणि प्रत्येक खाचेत नेमका बसणारा एकेक दट्ट्या. मी शिकवायला लागले तेव्हाची गोष्ट. चार वर्षांची एक मुलगी जाड-बारीक दट्ट्यांची पेटी घेऊन बसली होती. एक बारीक दट्ट्या तिने मोठ्या खाचेत टाकला होता. तो खडखडत होता, पण तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. शेवटी हातात एक जाडा दट्ट्या उरला आणि समोर खाच उरली ती अगदी बारीक. तिने दट्ट्या उलटा करून बघितला. मग खाचेच्या कडेवरून बोट फिरवलं. परत दट्ट्याच्या बुडावरून फिरवलं. ती मोजत होती! आणि नेमकी तेव्हा मी वाकले, चुकलेला दट्ट्या उचलला आणि म्हणाले, "अगं, हा इकडे."

पेटी पूर्ण झाली. तिने सगळे दट्टे काढून परत लावायला घेतले. पण आता प्रत्येक दट्ट्या खाचेवर धरला की ती माझ्या तोंडाकडे बघायची. बरोबर आहे का, हे ती खाचेला विचारत होती ते थांबलं, आता ते ती मला विचारायला लागली. मी मदत म्हणून जे केलं, त्याने तिच्या हातातलं मोजमापच काढून घेतलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता हेच साधनाच्या बाजूने बघा. चूक झाली की शेवटी एक दट्ट्या उरतोच, अशीच ती पेटी बनवलेली आहे. चूक दाखवायचं काम माँटेसरींनी मुद्दाम लाकडाकडे दिलं, म्हणजे मोठ्या माणसाला बोलावं लागत नाही. आणि आपण मधेच बोलून ते काम परत स्वतःकडे घेतो.

काही जण लिहितात, "म्हणजे शिक्षकाने नुसतं बसायचं." नाही हो! हे वाचलं की मला खरंच राग येतो, कारण याच गैरसमजापायी कितीतरी चांगल्या शाळा बदनाम झाल्या. खुद्द ड्युईंनी १९३८ मध्ये लिहिलं होतं की जुनी सक्ती काढून टाकली म्हणजे नवं शिक्षण झालं, असं नसतं. शिक्षकावरची आखणीची जबाबदारी उलट वाढते. कुठली पेटी कुणासमोर, कधी, हे मीच ठरवते ना? आधी कधी न बघितलेलं साधन मी मुलापुढे नुसतं टाकून देत नाही. सावकाश, कमीत कमी बोलून, एकदा स्वतः करून दाखवते. मग हात मागे.

मदत करायचीच नाही, असंही नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की हेच सांगत होते. मुलाला एकट्याला जमतं ते एका टोकाला, कुणी हाताशी असेल तर जमतं ते दुसऱ्या टोकाला, आणि शिकणं होतं ते या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना २१ ठोकळ्यांचा लाकडी मनोरा रचायला दिला आणि शिकवणारी बाई मदत कशी करते ते टिपलं. मुलाला जेवढं करता येईल तेवढं त्यालाच करू द्यायचं, आधी शब्दांनी सुचवायचं, हात लावायचा तो त्यानंतर. या मदतीला त्यांनी परांचीची, म्हणजे बांधकामाभोवती बांधतात त्या बांबूंच्या सांगाड्याची, उपमा दिली. इमारत उभी राहिली की परांची उतरवतात. आपण ती उतरवायलाच विसरतो. मूल दहा वर्षांचं झालं तरी दप्तर आपणच भरत असतो.

एका बाबांनी विचारलंय, "मग शाब्बासकी द्यायचीच नाही का?" द्या की. फक्त तुम्ही काय बघितलंत ते सांगा. "तू दोनदा काढून परत लावलास," एवढं म्हटलं तरी मुलाचा चेहरा उजळतो. ऊठसूट "वा वा" सुरू झालं की मूल परत आपल्या तोंडाकडे बघायला लागतं.

चारचौघांत वागायचं काय, हा प्रश्न राहिला. माझ्या मते तो वेगळा प्रश्नच नाही. दर दट्ट्याला मोठ्यांचा चेहरा बघायची सवय लागलेलं मूल पुढे गटात बसलं की सगळ्यात जोरात बोलणाऱ्याचा चेहरा बघतं. स्वतःचं मत आधी चाचपून बघायची त्याला सवयच नसते. उलट बाजूही बघा. माँटेसरी वर्गात प्रत्येक साधन एकच असतं. दुसऱ्याला हवं असेल तर थांबावं लागतं. पैसे वाचवायला नाही, मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. "वाटून घ्यावं" हे फळ्यावर लिहायची गरज पडत नाही. रोज थांबून, बघून, आपली पाळी आली की घेऊन ते अंगी मुरतं. आणि थांबलेलं मूल दुसऱ्याचं काम बघत असतं, तेही शिकणंच.

नील या स्कॉटिश शिक्षकाने १९२१ मध्ये सुरू केलेल्या समरहिल शाळेत नियम ठरवायला सभा भरते आणि सहा वर्षांच्या मुलाचं मत मोठ्या माणसाच्या मताइतकंच धरतात. नीलचं सगळंच मला पटत नाही, पण त्या सभेत हरलेल्या बाजूलाही नियम पाळावा लागतो. ही शिस्त नाही तर काय?

आणि आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक. महाराष्ट्रातल्या कोसबाडला आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत कशी येणार? तर शाळाच कुरणात नेली. मुलं का येत नाहीत ते आधी बघितलं, दोष नंतरही दिला नाही. ज्या मुलांना शाळेने गैरहजर म्हणून सोडून दिलं असतं, ती शिकायला लागली. बालकेंद्री शिक्षणाने समाजाला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी हेच उदाहरण देते.

आता शेवटचा प्रश्न, तोही बराच आलाय. "थांबायचं ते किती वेळ? मूल चिडून फेकाफेक करतं तेव्हा?" मिनिटं सांगता येणार नाहीत, पण हातांकडे बघा. हात अजून वस्तूवर आहेत, उलटसुलट करून बघतायत, म्हणजे काम चालू आहे, मग तोंडाने कितीही कुरकुर असो. हात थांबले, खांदे वर गेले, तीच चूक तितक्याच जोराने तिसऱ्यांदा होतेय, की जवळ जाऊन बसा. वस्तूला हात लावू नका. "कुठला खडखडतोय गं?" एवढंच विचारा, आणि विचारून झालं की तिच्याकडे नाही, पेटीकडे बघा. म्हणजे तीही पेटीकडेच बघेल.