डब्यावरची तारीख आणि डब्यातला माल

श्रोतेहो, नमस्कार.

फळीवरचा पुडा खाली काढला, उलटा करून बघितला, तर तारीख तीन महिन्यांपूर्वीच उलटून गेलेली. आता तो टाकायचा की पातेल्यात घालायचा? घरात दोन्ही बाजूंनी भांडायला माणसं तयार असतात. म्हणून मुद्दा आधीच सांगून ठेवतो. तारीख शेवटी बघायची. आधी बघायचं सील, मग ओल, मग तेल. पुन्हा सांगतो : सील, ओल, तेल.

छापील तारखा दोन तऱ्हेच्या. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची तारीख. तोवर वास, रंग, कुरकुरीतपणा शाबूत राहील एवढाच शब्द कंपनी देते. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख, ती पाळायची. कोरड्या फळीवरचा बहुतेक माल पहिल्या जातीचा असतो. तान्ह्या बाळाची दुधाची पावडर मात्र याला अपवाद. तिच्यातली जीवनसत्त्वं त्या तारखेपर्यंतच हिशेबाने भरलेली असतात आणि बाळाचं दुसरं जेवण नसतं. तारीख गेली, पावडर गेली.

पण तारखांचा विषय निघाला आणि बर्ट्रांडची गोष्ट सांगितली नाही, असं कसं चालेल?

साल १८६५. अमेरिकेतली मिसूरी नदी. वर मोंटानात सोनं सापडलेलं, खाणींवर माणसांची झुंबड, आणि त्यांच्या तोंडी लागणारं सगळं नदीतून आगबोटीने जायचं. बर्ट्रांड ही अशीच एक आगबोट, फोर्ट बेंटनला निघालेली, मालाने काठोकाठ भरलेली. १ एप्रिलला ओमाहा शहराच्या थोडं वरच्या अंगाला ती पाण्याखाली दडलेल्या एका झाडाच्या खोडावर आदळली आणि बघता बघता तळाला गेली. माणसं बाहेर पडली, माल बुडाला. पुढे नदीने पात्र बदललं, आणि जिथे पाणी होतं तिथे जमीन झाली. आगबोट तिच्याखाली तीसेक फूट गाळात.

आता माणसाचा स्वभाव बघा. शंभर वर्षं लोक बोलत राहिले ते बोटीवरच्या पाऱ्याबद्दल. मातीतून सोनं वेगळं करायला पारा लागायचा, त्याला भाव होता. १९६८ साली खजिना शोधणाऱ्या दोघांनी बोट हुडकून काढली. पारा मिळाला तो अगदी थोडा. मिळालं ते अख्खं दुकान! बूट, कपडे, अवजारं, आणि खाण्याचे जिन्नस. ब्रँडीत मुरवलेले पीच, कालवं, टोमॅटो, मध, मिश्र भाज्या. सगळं डब्यांत आणि बाटल्यांत बंद.

१९७४ साली अमेरिकेतल्या नॅशनल फूड प्रोसेसर्स असोसिएशनच्या रसायनतज्ज्ञांनी यातले काही जिन्नस तपासले. माल तेव्हा शंभरी ओलांडलेला. ताजेपणाचा वास गेलेला, रूप गेलेलं. पण जंतूंची वाढ? अजिबात नाही. भरले त्या दिवशी जितके सुरक्षित होते, तितकेच आजही आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. क जीवनसत्त्व आणि अ जीवनसत्त्व बरंच घटलं होतं. प्रथिनं टिकून होती आणि कॅल्शियम तर आजच्या डब्यांच्या तोडीचं. याच तज्ज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या एका घराच्या तळघरात सापडलेला मक्याच्या दाण्यांचा चाळीस वर्षं जुना डबाही तपासला. दाणे दिसायला आणि वासाला नुकत्याच भरलेल्या डब्यातल्यासारखे.

हे झालं कसं? डबाबंद करण्याची पद्धत छापून प्रसिद्ध केली निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने, १८१० साली. अन्न का टिकतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. जंतूंचा शोध पुढचा. पण कृती बरोबर होती. बंद करून तापवा, म्हणजे आतले मरतात. सील पक्कं ठेवा, म्हणजे बाहेरचे शिरत नाहीत. बर्ट्रांडच्या मालाला वर गाळाचं पांघरूण मिळालं : थंडावा, अंधार, आणि गंज चढायला लागणारी हवा जवळजवळ नाहीच. आपण डबे कुठे ठेवतो? शेगडीच्या वरच्या कपाटात, जिथे रोज दोनदा वाफ आणि आच लागते. हे कपाट ज्याने काढलं त्याने स्वयंपाक केला नसावा, असं माझं ठाम मत आहे. तिथे ताटं ठेवा, कागदी रुमाल ठेवा. खाण्याचा माल तीस अंशांच्या खालीच बरा.

तर डबे. सील शाबूत असेल तर तारीख उलटलेला डबा वापरता येतो. भाज्या, मासे, मांस यांचा दर्जा दोन ते पाच वर्षं राहतो. टोमॅटो, अननस असले आंबट डबे मात्र बारा ते अठरा महिन्यांत संपवावेत, कारण आंबट रस पत्रा खातो, धातूची चव उतरते आणि कधी बारीक भोक पडतं. डबा हातात घेऊन झाकण आणि बूड दोन्ही अंगठ्याने दाबा. फुगलेलं असेल, दाबल्यावर टक् करून परत वर येत असेल, तर टाका. चिकट ओघळ दिसला, टाका. गंज पुसून निघत नसेल, टाका. पोचा जोडावर असेल, किंवा बोट बसेल इतका खोल आणि धारदार असेल, तरी टाका, कारण तिथे सील डोळ्यांना न दिसता सुटतं. उघडताना आतला रस फवाऱ्यासारखा उडाला, तर चाखायचं नाही. चाखून बघू, हे इथे चालत नाही. कमी आंबट अन्नात, हवा नसलेल्या जागी, बोटुलिनम नावाचा जंतू विष तयार करतो आणि त्या विषाला वास असेलच असं नाही. असा डबा दोन पिशव्यांत बांधून टाका, ओटा ब्लीचच्या पाण्याने पुसा. आणि कुणी घरी भरून दिलेल्या भाज्यांची बाटली? ती प्रेशरखाली तापवून भरली होती की नाही हे माहीत नसेल, तर प्रेमाने घ्या आणि टाकून द्या.

वेळ थोडा उरलाय, बाकीचं भराभर. सील झालं, आता ओल आणि तेल.

मीठ, साखर, मध कोरडे आणि बंद असतील तर तारखेकडे बघूच नका. मधाचा रवा झाला तर बरणी कोमट पाण्यात ठेवा. मध एक वर्षाखालच्या बाळाला मात्र नको, ताजासुद्धा नको. पांढरा तांदूळ वर्षानुवर्षं टिकतो. हातसडीचा तांदूळ आणि कोंड्यासकट गव्हाचं पीठ टिकत नाही, कारण कोंड्यात आणि अंकुरात तेल असतं आणि तेल खवटतं. चिमूटभर पीठ तळहातावर चोळून हुंगा. जुन्या रंगासारखा, मेणासारखा वास आला की त्याचा नाद सोडा. दाणे, बदाम, अक्रोड, तेलाची बाटली, सगळ्यांना हाच नियम. खवट खाऊन लगेच कुणी आजारी पडत नाही, पण अख्खा पदार्थ वाया जातो.

कडधान्यं जुनी झाली की नासत नाहीत, हट्टी होतात. रात्रभर भिजवताना पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घाला. राजमा कितीही जुना असो, भिजवलेलं पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात खळखळून दहा मिनिटं तरी उकळा, मगच आच मंद करा.

पोरकिडे निघाले तर ते विषारी नसतात. थोडे असतील तर चाळा आणि डबा चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, अंडीही मरतात. जाळं धरलं असेल, कुबट वास असेल, तर टाका. बुरशीला मात्र माफी नाही. मका आणि शेंगदाणे यांवरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवून, भाजून पूर्ण जात नाही. वरचं वरचं काढून खालचं वापरणंही नको.

माल बरणीत ओतलात तर पुड्यावरची तारखेची पट्टी कापून बरणीत टाका. आणि त्या काचेच्या बरण्या उन्हात ओळीने मांडून ठेवायची हौस फोटोपुरती ठीक. उजेडाने तेल आणि मसाले दोन्ही लवकर उतरतात. दळलेले मसाले जुने झाले तर धोका नाही, फक्त चमचा दीडपट घालावा लागतो.

राहिली बेकिंग पावडर. अर्धा कप गरम पाण्यात एक चमचा टाका. जोरात फसफसली तर तारीख काहीही असो, वापरा. नुसतीच तळाशी बसली, तर त्या पावडरीचा केक फुगणार नाही, नवा डबा फोडा.