धूर बाहेरचा, जाळ आतला

[दृश्य: चेंबूर, डिसेंबरमधली सकाळ. धुरकट आभाळ, रस्त्यावर डंपरची रांग.]

थंडीत मुंबईचं वारं पडतं. मग डिझेलचा धूर आणि बांधकामाची धूळ शहरावरून हलता हलत नाही. यातले पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम तिसाव्या भागाएवढे कण. ते नाकात अडत नाहीत, थेट छातीत उतरतात.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली रुग्णाचा बेडका.]

गुलाबी-केशरी दाण्यांनी गच्च भरलेली ही पेशी म्हणजे इओसिनोफिल, पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. दम्यात पुष्कळांच्या श्वासनळीत त्यांची गर्दी होते. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड ही जहाल रसायनं त्यांची हत्यारं, मुळात जंतांसारख्या परजीवींसाठी. इथे परजीवी नसतोच. मार बसतो तो श्वासनळीच्या अस्तराला. त्यात धुरातले कण आणि प्रदूषित हवेतला ओझोन भर घालतात.

अस्तरावरच्या पातळ द्रवात ग्लुटाथिऑन हे शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट असतं, म्हणजे अशी रसायनं निकामी करणारं द्रव्य. ते हा मारा झेलतं. ते अपुरं पडलं की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे या रसायनांचा पेशींवरचा ताण, वाढतो. मग एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरून दाहाची जनुकं चालू करतं. नव्या पेशी बोलावल्या जातात, आणि त्याही येऊन तेच करतात. हवा निवळली तरी खोकला रेंगाळतो, तो बराचसा यामुळे.

[दृश्य: स्पेसरला, म्हणजे औषध ओढून घ्यायच्या पोकळ नळकांड्याला, लावलेला दम्याचा पंप (इनहेलर). एक दाब, संथ श्वास.]

‘पंपाची सवय लागते’ हे चाळीत ऐकू येतं, टॉवरमध्येही. खरा धोका आहे तो तात्पुरता आराम देणाऱ्या नुसत्या निळ्या पंपावर दिवस काढण्यात. आवळलेले स्नायू तो सैल करतो, चटकन बरं वाटतं. दाह तसाच राहतो. म्हणूनच ‘जीना’ या दम्यावरच्या जागतिक उपक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून तो एकटा वापरू नये असं म्हटलं आहे.

दाह उतरवतं ते श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड. पण दाहाची जनुकं बंद करायला त्याला एचडॅक-२ या एन्झाइमची साथ लागते, आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस नेमकं तेच दुबळं करतो. सिगारेट ओढणाऱ्या दमेकऱ्याला स्टेरॉइड कमी लागू पडतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या? तर्क पटण्यासारखा आहे, आणि केमिस्टकडे डब्याही तयार असतात. व्हिटॅमिन सी आणि ई देऊन दमेकऱ्यांवर चाचण्या झाल्या. ठोस फायदा काही दिसला नाही. आवळा खुशाल खा, स्टेरॉइडचा सकाळ-संध्याकाळचा पंप मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका.