वायलम स्टेशनचं कोडं

नमस्कार मंडळी! आज तुम्हाला एका छोट्या गावातल्या स्टेशनवर घेऊन जाते. इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलँडमध्ये, टाइन नदीच्या काठावर वायलम नावाचं गाव आहे. न्यूकॅसलहून कार्लाइलकडे जाणारी गाडी पकडली की जेमतेम वीस मिनिटांत तुम्ही तिथे. प्लॅटफॉर्म दोन, गर्दी नाही, चहाचा स्टॉलसुद्धा नाही. बहुतेक लोक उतरतात आणि सरळ घरी जातात. पण ज्यांना जिओकॅशिंगचं वेड आहे ना, त्यांनी इथे खरंच तासभर तरी रेंगाळावं.

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी कुठेतरी एक डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश ऑनलाइन टाकतं, मग बाकीचे लोक फोनवरच्या जीपीएसने तो शोधत जातात, सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. बस, एवढंच. मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली गडबड काढून टाकली, साध्या लोकांच्या यंत्रालाही नेमकी जागा कळायला लागली, आणि लगेच ३ मे ला डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ऑरेगनमध्ये एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले, तिथून हा खेळ जगभर गेला. ब्रिटनमध्ये तर रेल्वे स्टेशनांजवळ लपवलेल्या डब्यांची साइडट्रॅक्ड नावाची एक अख्खी सीरिज आहे.

यातला मला सगळ्यात आवडणारा प्रकार म्हणजे मिस्टरी कॅश (कॅश म्हणजे हा लपवलेला डबा, पैसे नव्हेत). नकाशावर निळं प्रश्नचिन्ह दिसतं, पण डबा तिथे नसतोच. आधी कोडं सोडवायचं, त्यातून खरे आकडे निघतात, आणि मग चालायला लागायचं. अशी कोडी एकाला एक जोडली की झाली ट्रेल.

आता माझं एक ठाम मत सांगते. घरी सोफ्यावर बसून पूर्ण सुटतं ते कोडं कमअस्सल. हल्ली लोक सुडोकू देतात, कसलीतरी गुप्तलिपी देतात, स्टेशनशी त्याचा काडीचाही संबंध नसतो, तुम्ही सोडवता, डब्यापर्यंत जाता, सही करता आणि परत येता, आणि त्या जागेबद्दल तुम्हाला काही म्हणजे काही कळलेलं नसतं. चांगलं कोडं तुम्हाला थांबवतं. मान वर करून बघायला लावतं, वाकून गंजलेल्या खांबावरचे आकडे वाचायला लावतं.

वायलमला बघण्यासारखं किती आहे म्हणून सांगू! हे स्टेशन १८३५ साली सुरू झालं आणि अजून चालू आहे, जगातल्या सगळ्यात जुन्या चालू स्टेशनांपैकी एक. प्लॅटफॉर्मवर उभं राहून वर बघितलं की सिग्नल केबिन दिसते, आणि ती रुळांच्या बाजूला नाहीये, रुळांच्या बरोब्बर डोक्यावर आहे, लोखंडी खांबांवर उचलून धरलेली, गाडी तिच्या पोटाखालून जाते. अशा केबिन आता फार थोड्या उरल्यात, याच लाइनवर पुढे हेक्सहॅमलाही एक आहे. आमच्या घरातल्या आणि शेजारच्या पोरांसाठी आम्ही मागे वायलमची एक ट्रेल बनवली होती, वेबसाइटवर वगैरे टाकली नाही, आपली घरगुती, त्यात पहिला प्रश्न याच केबिनच्या खिडक्यांचा होता. उत्तर सांगत नाही, जाऊन मोजा.

ही ट्रेल बनवताना एक गोष्ट हाती लागली आणि मी अक्षरशः उडालेच. रेल्वेचा जनक म्हणतात तो जॉर्ज स्टीफन्सन याच गावचा, जन्म १७८१. स्टेशन सुरू झालं १८३५ ला. वजाबाकी करा, ५४ येतात, आणि वायलमचे अक्षांश आहेत ५४ अंश! मग म्हटलं रेखांशाचं काहीतरी निघतंय का बघू. पफिंग बिली नावाचं वाफेचं इंजिन याच गावच्या कोळसा खाणीसाठी बनलं, १८१४ च्या सुमाराला कामाला लागलं आणि १८६२ पर्यंत राबलं. ६२ मधून १४ गेले, ४८. आणि वायलमचे रेखांश पश्चिमेला १ अंश ४८ मिनिटं (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग)! निव्वळ योगायोग आहे हो, पण कोडं बनवणाऱ्याला असा योगायोग मिळाला की दिवाळीच. हा भाग घरबसल्या सुटतो, मान्य, म्हणूनच पुढचे सगळे आकडे आम्ही जागेवर जाऊनच मिळतील असे ठेवले. आणि ते पुढचे आकडेच महत्त्वाचे असतात, कारण मिनिटाच्या पुढे तीन दशांश असतात, अक्षांशात त्यातला शेवटचा एकाने चुकला तर फरक दोन मीटरच्या आतच, पण पहिला चुकला तर जवळपास १८५ मीटर, आणि वायलमला तेवढं उत्तरेला सरकलात तर नदीच आडवी येते.

पफिंग बिलीचं थोडं सांगायलाच हवं, कारण ट्रेलचा मधला टप्पा त्याच्यावरच आहे. तेव्हा बऱ्याच जणांना वाटायचं की गुळगुळीत लोखंडी रुळावर गुळगुळीत लोखंडी चाक जागच्या जागी घसरेल, जड वजन ओढणारच नाही, म्हणून लीड्सला दात्यांचे रूळसुद्धा बसवले होते. वायलमच्या खाणीचा मालक क्रिस्टोफर ब्लॅकेट, आणि त्याचा मॅनेजर विल्यम हेडली. या हेडलीने काय केलं, एक गाडा बनवला, त्यावर माणसं उभी केली, त्यांना हाताने दांडे फिरवायला लावले, मागे वॅगन जोडत गेला आणि चाक कधी घसरतं ते बघितलं. साधं चाक पुरतं हे त्यातून दिसलं, आणि मग इंजिन तयार झालं. वजनाने ओतीव लोखंडाचे रूळ फुटायला लागले तेव्हा चारची आठ चाकं करून वजन वाटलं, नंतर मजबूत रूळ आल्यावर परत चार केली. आज ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, जगातलं सगळ्यात जुनं टिकलेलं वाफेचं रेल्वे इंजिन. त्याचं भावंड वायलम डिली एडिंबरोच्या म्युझियममध्ये.

ते ज्या वाटेवरून धावायचं ती वाट गावात अजून आहे, तिथे आता लोक चालतात, सायकली चालवतात. स्टेशन नदीच्या दक्षिणेला, ही वाट उत्तरेला, त्यामुळे पूल ओलांडून जायचं. पूर्वेकडे चालत गेलात की स्टीफन्सनचं घर लागतं. दगडी, साधं, त्यात तेव्हा चार कुटुंबं राहायची, स्टीफन्सन मंडळींच्या वाट्याला एक खोली. घराच्या दारासमोरून घोडे कोळशाच्या वॅगन लाकडी रुळांवरून ओढत न्यायचे. त्या दाराशी पाठ करून वाटेकडे बघत दोन मिनिटं उभे राहा असं आमच्या ट्रेलच्या कागदावर लिहिलंय, त्याचे गुण नाहीत, आकडा नाही, पण पोरं उभी राहिली. पश्चिमेकडे गेलात तर हॅग बँकचा १८७६ चा लोखंडी पूल, नदीत एकही खांब नाही, वरच्या कमानीला खालचा रस्ता गजांनी टांगलेला. ते गज मोजायचे. दोनदा मोजा बरं का, बोलता बोलता हमखास चुकतं.

आणि आपला संबंध सांगू? याच लाइनवर पुढे मिल्टन नावाचं स्टेशन होतं, आता त्याला ब्रॅम्प्टन म्हणतात. तिथे थॉमस एडमंडसन नावाचा कारकून होता, आधी फर्निचरच्या धंद्यात दिवाळं निघालेला. प्रत्येक प्रवाशाचं तिकीट हाताने लिहून द्यायचं आणि हिशोबाचा पत्ता नाही, याला वैतागून त्याने नंबर छापलेली जाड पुठ्ठ्याची छोटी तिकिटं काढली. आपली ती पुठ्ठ्याची तिकिटं, खिडकीतला माणूस मशीनमध्ये खटकन तारीख उमटवून द्यायचा, ती हीच! तुमच्या घरी जुन्या डब्यात एखादं असेल तर त्यावरचा नंबर म्हणजे तयार कोडं आहे. दुसरा धागा म्हणजे जीआयपी रेल्वेचा (म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या आधीची कंपनी) चीफ इंजिनिअर जेम्स बर्कली, ज्याने बोरघाटाची लाइन आखली, तो जॉर्जचा मुलगा रॉबर्ट स्टीफन्सन याच्या हाताखाली तयार झालेला.

म्हणून मला मनापासून वाटतं की अशी ट्रेल आपल्याकडे व्हावी, आणि सुरुवात नेरळपासून व्हावी. एकाच स्टेशनात मोठी लाइन १६७६ मिलिमीटरची आणि माथेरानची छोटी गाडी ६१० मिलिमीटरची, १९०७ पासूनची, असं किती ठिकाणी बघायला मिळतं? फक्त स्टेशनच्या आवारात डबा ठेवायचा नाही, अजिबात नाही. बेवारस वस्तूची अनाउन्समेंट आपण रोज ऐकतो, इंग्लंडमध्येही तशीच होते, आणि ती योग्यच आहे. स्टेशनवर फक्त उत्तरं शोधायची, तीही प्लॅटफॉर्मवरून, रुळांवर पाय न ठेवता, आणि डबा लांब कुठेतरी, जागेच्या मालकाला विचारून.

पहिलं कोडं मी आत्ताच देते. आपल्या स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाच्या खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. नेरळच्या पाटीवरचा आकडा घ्या, मग माथेरानच्या पाटीवरचा घ्या, मोठ्यातून छोटा वजा करा. जे येईल तेवढं ती इवलीशी गाडी सुमारे २१ किलोमीटरमध्ये चढते, आणि वजाबाकीतले आकडे पुढच्या टप्प्याला वापरायचे. जाताना पेन घेऊन जा, डब्यात वही असते पण पेन बहुतेक वेळा नसतं.