भरल्या हंड्याहून हलकी

नमस्कार श्रोतेहो. आज मला सायकलीबद्दल बोलायचंय. रोज दूध आणायला, दळण टाकायला काढतो ती सायकल सगळ्यांना माहितीच आहे, आज मी बोलणारे ते रविवारी पहाटे उठून, घरातले झोपलेले असताना गुपचूप दार ओढून घेऊन गावाबाहेर पडायचं, शेताशेतातनं साठ-सत्तर किलोमीटर रमतगमत हिंडायचं आणि जेवणाच्या वेळेला घरी परत यायचं, त्या सायकलीबद्दल. रमतगमत हा शब्द लक्षात ठेवा, मी तो परत परत म्हणणार आहे.

कारण काय होतं, सायकल म्हटलं की लोक लगेच विचारतात की किती वेळात गेलात, स्पीड किती होता. वेगाबद्दल मला आदर आहे हां. आपल्या नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी, हितेंद्र आणि महेंद्र, 2015 साली दोघांच्या टीमनं रेसमध्ये अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलवर पार केली, आणि 2017 ला नागपूरच्या डॉक्टर अमित समर्थांनी तीच रेस एकट्यानं पूर्ण केली. ती ऐकूनसुद्धा छाती भरून येते. पण तुम्हाआम्हाला रविवारी ते करायचं नाहीये. आपल्याला रमतगमत जायचंय.

मी पुण्याची. आमच्या लहानपणी पुणं म्हणजे सायकलींचं शहर, तासावर भाड्यानं सायकल मिळायची, सायकलीला बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचा. तो दिवा आता कोणी लावत नाही याचं मला फार वाईट वाटतं, खरंच, पहाटे अंधारात बिनदिव्याची सायकल बघितली की मी थांबून सांगते. जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवायला सात वाजून जातात, तुम्ही सहाला निघणार, म्हणजे तासभर अंधार. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा. पुढे पांढरा, मागे लाल.

तर माझा आवडता रस्ता सांगते. कोंढव्याहून येवलेवाडी, मग बोपदेव घाट, घाट चढून गेलं की भिवरी, चांबळी, तिथून सासवड आणि सासवडहून नारायणपूर. स्वारगेटपासून धरलं तर जाऊन-येऊन ऐंशीच्या आसपास होतं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी सासवडवरूनच परत फिरावं, साठ होतात, पुष्कळ झाले. बरेच जण नारायणपूरहून पुढे कापूरहोळला उतरून हायवेनं पुण्यात येतात, मला ते अजिबात पटत नाही. ट्रक अंगावरून जातात, कानात नुसता घों घों आवाज आणि बघायला काही नाही. गेलो त्याच वाटेनं परत यावं. येताना उन्हाची बाजू बदललेली असते, तोच रस्ता वेगळा दिसतो.

आणि हा सगळा मुलूख कसला भारी आहे! सासवडला सोपानदेवांची समाधी, कऱ्हेच्या काठावर संगमेश्वराचं देऊळ, शेजारच्या कोडीतचे आचार्य अत्रे, जन्म 1898 चा. नारायणपूरच्या वाटेवर भिवडी, ते उमाजी नाईकांचं गाव. आणि समोर सगळा वेळ पुरंदर आणि वज्रगड, जिथे 1657 साली संभाजी महाराज जन्मले आणि 1665 चा मिर्झाराजांबरोबरचा तह ज्याच्या नावानं झाला तो पुरंदर. गाडीतनं गेलात तर तो पाच मिनिटं दिसतो आणि वळणाआड जातो. सायकलवर तो तासभर तुमच्याबरोबर असतो, आधी निळा, मग करडा, मग एकेक घळ दिसायला लागते.

आता तयारीचं. तीन गोष्टी. हवा, पाणी, दिवा. दिव्याचं सांगितलं. पाणी म्हणजे दोन बाटल्या, एकात साधं आणि एकात मीठ-साखर-लिंबू, ते काय घरी सगळ्यांना करता येतं. हवा म्हणजे आदल्या रात्री दोन्ही टायर बघायचे, माझ्या 28 मिलीमीटरच्या टायरला सत्तर-ऐंशी पीएसआय, म्हणजे तेवढ्या दाबाची हवा लागते, तुमच्या टायरच्या बाजूला आकडा छापलेला असतो तो वाचायचा. आणि बरोबर एक जादा ट्यूब, दोन टायर काढायच्या पट्ट्या आणि छोटा पंप. आणि तो पंप घरी वापरून बघितलेला पाहिजे. वापरून बघितलेला. हे मी का सांगतेय त्याची गोष्टच सांगते, माझी फार लाडकी गोष्ट आहे.

जानेवारीतला रविवार. मी एकटीच. सासवडला चहा घेऊन नारायणपूरच्या रस्त्याला लागले, थंडी अशी की बोटं ब्रेकवर वळत नव्हती, आणि तीन-चार किलोमीटरवर मागचं चाक एकदम बसलं. येड्या बाभळीचा काटा. आपल्याकडे शेताला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालतात, ते वाळलं की काटे रस्त्याच्या कडेला येतात आणि आपण नेमके कडेनंच चालवतो. ठीक आहे, चाक काढलं, काटा उपटला, नवी ट्यूब घातली, पंप लावला आणि पंपात हवाच धरेना. आतलं वायसर वाळून चिरलेलं. वर्षभर तो पंप सायकलला नुसता बांधलेला होता.

मग सायकल ढकलत निघाले. पुढे मोटारसायकलीचं पंक्चरचं दुकान लागलं, हायसं वाटलं, पण त्या पोराच्या कॉम्प्रेसरचा नळ माझ्या ट्यूबच्या व्हॉलला, म्हणजे हवा भरायच्या तोंडाला, बसेना. हे नीट ऐका, उपयोगी आहे. मोटारसायकलचा व्हॉल जाड असतो. रेसिंग सायकलला बारीक, लांब व्हॉल असतो, त्याला प्रेस्टा म्हणतात. जाडाचा नळ बारकाला बसत नाही. मधे लावायची एक पितळेची टोपी मिळते, अगदी स्वस्तात, ती मी नेली नव्हती. तो पोरगा म्हणाला, "ताई, आत वाडीवर आबा आहेत, त्यांच्याकडं जुना सायकलचा पंप हाय, बघा बसला तर."

गेले. अंजिराच्या बागेतनं वाट. पुरंदरचं अंजीर तुम्हाला माहितीच आहे, त्याला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. खट्टा बहार, म्हणजे अंजिराचा थंडीतला हंगाम चालू होता, पहाटेचा तोडा झालेला, आणि अंगणात एक आजी पाटीत अंजिराचीच पानं घालून वर फळं लावत बसलेल्या. फळ इतकं नाजूक की दोन दिवस टिकत नाही, म्हणून हा सगळा उजाडायच्या आतला उद्योग. हाताला चीक लागून खाज येते म्हणून त्यांनी फडकी गुंडाळली होती. माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, मागे रस्त्याकडे बघितलं. "एकलीच आलीस व्हय पोरी? पुन्यास्नं?" म्हटलं हो. "आन घरी सैपाक?" म्हटलं आज मुलगा करतोय, खिचडी. आजींचा हात पाटीवर तसाच थांबला. मग गोठ्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "आवो, भाईर या, हे बघा."

आबा आले. पंच्याहत्तरीचे असतील, कानटोपी, अंगावर घोंगडी. मी सांगायला लागले की पंक्चर झालंय, ट्यूब घातलीय, फक्त हवा पाहिजे. त्यांनी एकच विचारलं. "काटा काढला?" काढला म्हटलं. "आतनं हात फिरवला?"

नाही फिरवला श्रोतेहो. बाहेरनं दिसला तो काटा काढला होता, आतनं टायरला हात फिरवला नव्हता. आबांनी आजींकडे हात केला, आजी आत गेल्या आणि देवाच्या वातींचा कापूस घेऊन आल्या. मला काही कळेना. आबांनी टायर एका बाजूनं सोडवला, नवी ट्यूब बाहेर काढली, कापसाचा बोळा केला आणि तो टायरच्या आतनं सावकाश फिरवत नेला, आणि एका जागी कापूस अडकला. तंतू धरून बसला. तिथे काट्याचं मोडकं टोक होतं, तिळाएवढंसुद्धा नाही, मला चष्म्यातनं दिसत नव्हतं. नखानं काढलं त्यांनी ते आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "ह्ये ऱ्हायलं असतं तर घाटाखाली परत बसला असतात," म्हणाले.

तेव्हापासून माझ्या हत्यारांच्या पिशवीत कापूस असतो. काटा काढला तरी आतनं हात फिरवायचा, हातापेक्षा कापूस फिरवायचा. परत सांगते, काटा काढला तरी आतनं कापूस फिरवायचा.

मग पंप. तो गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या काळ्या सायकलशेजारी होता, चोवीस इंची सायकल, दणकट कॅरिअर, धुळीनं पांढरी झालेली. उभा पायपंप, त्याच्या नळीच्या टोकाला तो दाबायचा चिमटा. मला वाटलं हा काय माझ्या व्हॉलला बसणार. पण आपल्या जुन्या सायकलींचा जो व्हॉल, रबरी व्हॉलट्यूबवाला, त्याचं तोंड आणि माझ्या महागड्या सायकलच्या व्हॉलचं तोंड यात फारसा फरक नसतो हो! मी टोकाची बारकी चकती सैल केली, आबांनी चिमटा हातानं दाबून धरला, मी दोन्ही हातांनी पंप मारला आणि टायर उभं राहिलं. जे काम कॉम्प्रेसरला जमलं नाही ते आढ्यावरच्या पंपानं केलं. म्हणून मी नेहमी म्हणते, घरातली जुनी हत्यारं रद्दीवाल्याला देऊ नका. पाना, पंप, कानस, काही देऊ नका. हल्ली लोक दिवाळीला सगळं काढून टाकतात, मला पोटात कालवतं.

आता खरी मजा. आबा सायकल निरखत होते. स्टँड कुठाय? नाही. मडगार्ड? नाही. कॅरिअर? नाही. "मग हिच्यावरनं आणता काय?" मी म्हटलं काही नाही आणत, नुसती फिरते. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण आजी पाटी सोडून उठल्या, पदराला हात पुसले आणि एका हातानं सायकलचा दांडा धरून सायकल उचलली. अगदी वर, कमरेच्या वर. आणि आबांना म्हणाल्या, "अवो, भरल्या हंड्याहून हलकी हाय की ही!"

मी वीस वर्षं सायकल चालवतेय, सायकलींच्या वजनावर लोकांना तासन्‌तास बोलताना ऐकलंय, पण सायकलच्या हलकेपणाचं इतकं खरं माप मी दुसरं ऐकलेलं नाही.

मग चहा झाला. आबा सांगत होते की याच काळ्या सायकलवर ते तरुणपणी अंजिराच्या दोन पाट्या बांधून सासवडला जायचे, आणि भाव चांगला असला की थेट पुण्यापर्यंत. बोपदेवनं? मी विचारलं. मग! येताना पाट्या रिकाम्या तरी घाट चढायचा असायचाच. म्हटलं चढताना दम लागायचा नाही का. तर आबा म्हणाले, "चढावर कशाला बसायचं? उतरायचं. हातात धरायची आन बोलत बोलत चालायचं. सायकल बी दमती." श्रोतेहो, मी इतकी वर्षं बोपदेवच्या शेवटच्या वळणाला दात-ओठ खात पेडल मारत होते, कोणी बघेल म्हणून उतरत नव्हते, आणि दोन पाट्या घेऊन जाणारा माणूस सांगत होता की उतरायचं. आता मी उतरते. घाटात उतरून चालते, पुरंदरकडे बघत बघत चालते. तुम्हीही उतरा.

मार्चमध्ये परत गेले, आता मिठ्ठा बहार, म्हणजे पुढचा हंगाम चालू होता. जाताना दोन हात व्हॉलट्यूब घेऊन गेले, आबांनी तेवढंच मागितलं होतं, सासवडला दोन दुकानांत त्यांना मिळाली नव्हती, मला पुण्यात एका जुन्या दुकानात मिळाली. काळी सायकल खाली उतरवलेली होती, पुसलेली, चेनला तेल. आबांनी माझ्यासमोर व्हॉलवर नळी चढवली, थुंकी लावून, जशी लावतात तशी, हवा भरली, पाय टाकला आणि अंगणातनं बांधापर्यंत गेले. परत येताना आजी बांधाशीच उभ्या होत्या. काही न बोलता त्या मागे कॅरिअरवर बसल्या, एका बाजूला पाय सोडून, एक हात सीटला, आणि दोघं रस्त्यापर्यंत गेले. मी अंगणात पाटीजवळ उभी. बराच वेळ आले नाहीत.

तर तिकडे मला हात दाखवून सांगतायत की वेळ संपत आली. गिअरचं सांगायचं राहिलं. एवढंच सांगते, चढ लागायच्या आधी हलका गिअर टाका, चढावर अडकल्यावर टाकू नका, चेन कुरकुर करते. कुत्रं मागे लागलं तर पळवू नका, उतरा, सायकल मधे धरा, ते थांबतं. नाश्त्याला मिसळ खाऊ नका, परतीच्या चढावर त्रास होतो, पोहे खा, वर लिंबू पिळून घ्या. आज रात्री हवा बघून ठेवा. पंप लावून बघा. आणि देवघरातनं थोडा कापूस. नमस्कार.