बिली मेरेडिथ : चार पौंडांची मर्यादा आणि एक विंगर

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडमध्ये १९०१ सालापासून व्यावसायिक फुटबॉलपटूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन देण्यास बंदी होती. मैदानावर तीस हजार लोक तिकीट काढून आले, तरी खेळाडूच्या हाती कायदेशीरपणे तेवढेच पडत असे. आजचे भाषण ज्याच्याविषयी आहे, तो बिली मेरेडिथ या नियमाशी आयुष्यभर भांडला.

मेरेडिथचा जन्म १८७४ साली वेल्समधील चर्क गावाजवळच्या खाणवस्तीत झाला. बाराव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत कामाला लागला आणि १८९४ मध्ये मँचेस्टर सिटीकडून खेळू लागल्यावरही काही महिने त्याने खाणीतली नोकरी सोडली नव्हती. उजव्या बगलेवरून चेंडू घेऊन धावणारा, दातांत टूथपिक धरून खेळणारा हा सडपातळ विंगर लवकरच सिटीचा कर्णधार झाला आणि १९०४ च्या एफ. ए. चषकाच्या (फुटबॉल असोसिएशन या इंग्लंडमधील फुटबॉलच्या नियामक संस्थेच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात बोल्टनविरुद्धचा एकमेव गोल त्यानेच केला.

पुढच्याच वर्षी मात्र ॲस्टन व्हिलाच्या कर्णधाराला दहा पौंडांची लाच देऊ केल्याच्या आरोपावरून त्याच्यावर बंदी आली. आधी त्याने आरोप साफ नाकारला, नंतर हे आपण व्यवस्थापकाच्या सांगण्यावरून केले असे तो म्हणू लागला. त्याला निर्दोष ठरवण्याचा माझा मुळीच आग्रह नाही. मात्र क्लबने हात वर करताच त्याने सिटी आपल्या खेळाडूंना चार पौंडांहून अधिक पैसे गुपचूप देते हे उघड केले, आणि १९०६ मध्ये क्लबच्या सतरा खेळाडूंवर बंदी घालण्यात आली. बहुतेक मोठे क्लब थोड्याफार फरकाने हेच करत होते, हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते असे नाही.

बंदी संपताच, १ जानेवारी १९०७ रोजी, तो मँचेस्टर युनायटेडकडून मैदानात उतरला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात खेळाडूंच्या संघटनेच्या स्थापनेच्या सभेचे अध्यक्षपदही त्याने भूषवले. फुटबॉल असोसिएशनने १९०९ मध्ये संघटना सोडण्याचे फर्मान काढले, तेव्हा इतर क्लबांतील बहुसंख्य खेळाडूंनी माघार घेतली. त्याच वर्षी चषक जिंकलेले युनायटेडचे खेळाडू मात्र हटले नाहीत, आणि त्यांनी ‘बहिष्कृत फुटबॉल क्लब’ अशी पाटी पुढे ठेवून छायाचित्रही काढून घेतले. अखेर असोसिएशनला संघटना मान्य करावी लागली, पण वेतनाची मर्यादा कायम राहिली.

मेरेडिथ खेळत राहिला. पंचेचाळिसाव्या वर्षी, १९२० मध्ये, तो इंग्लंडला हरवणाऱ्या वेल्सच्या संघात होता. पुढे तो सिटीकडे परतला आणि १९२४ चा चषकाचा उपांत्य सामना खेळला तेव्हा त्याने एकोणपन्नाशी ओलांडली होती. एप्रिल १९५८ मध्ये त्याचे निधन झाले. वेतनमर्यादा रद्द झाली ती जानेवारी १९६१ मध्ये.