स्पीड शंभरचा, तरी गेम का अडकतो?

नमस्कार मंडळी! साताऱ्याहून माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, स्पीड टेस्टला ९५ दिसतात. तरी बीजीएमआय या बंदुकीच्या मोबाइल गेममध्ये समोरचा एका जागी थिजतो आणि पुढच्या क्षणी माझ्या पाठीमागून गोळी येते. २०० चा प्लॅन घेऊ का?" मी म्हटलं, थांब, एक रुपयाही जास्त भरू नकोस.

कारण गेमला स्पीड फार लागतच नाही. तासभर सिनेमा बघितला तर डेटा जीबीत जातो. तेवढाच वेळ शूटर गेम खेळलात तर बहुतेक वेळा शे-दोनशे एमबीत भागतं. गेमला हवी असते वेळेची शिस्त. व्हॅलोरंट या शूटर गेमचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी खेळ पुढे नेतो. तुमचं एक पॅकेट, म्हणजे डेटाची छोटी पुडी, वाटेत १५० मिलिसेकंद अडकलं, तर तोवर तिकडे खेळ १९ पावलं पुढे गेलेला असतो. पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारे मिलिसेकंद म्हणजे पिंग. म्हणून कायम ६० वर राहणारा पिंग परवडला, पण मधूनच २० चा २०० होणारा नको. या चढउतारालाच जिटर म्हणतात, आणि वायफायवर खेळणाऱ्यांना छळतो तो बहुधा हाच.

आता दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधू. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. 'डिफॉल्ट गेटवे' समोर जो आकडा दिसेल तो तुमचा राउटर. बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ असतो. आता 'पिंग', मग तो आकडा, मग 'डॅश टी'. शेजारी दुसरी विंडो उघडून तसाच पिंग ८.८.८.८ ला लावा, हा घराबाहेरचा, गुगलचा सर्व्हर. लॅपटॉप नसेल तर फोनवर पिंग करणारी फुकट ॲप मिळतात.

[स्क्रीनवर: दोन विंडो शेजारी शेजारी]

राउटरजवळ बसल्यावर भाच्याच्या पहिल्या विंडोत आकडे होते २, १, ३, २. मग तो खेळायच्या खोलीत गेला. तिथे ३, ४, १८७, ३, २१२, आणि मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे उत्तर आलंच नाही. नीट बघा, हे पॅकेट अजून घराबाहेर पडलेलंच नाही! दोनशेचा काय, पाचशेचा प्लॅन घेतला असता तरी हे आकडे बदलले नसते.

असं का होतं? वायफाय म्हणजे ग्रामसभेतला एकुलता एक माइक. एकजण बोलतो, बाकीचे थांबतात. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं आणि पुन्हा बोलावं लागतं. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनलवर असेल तर तोही याच माइकच्या रांगेत. वायफायचे नेहमीचे पट्टे, म्हणजे बँड, दोन: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरा: १, ६ आणि ११. वर मायक्रोवेव्हही तिथलाच. स्वयंपाकघरात दूध गरम होत असताना पिंगची विंडो बघा, दूध उतरेपर्यंत आकडे उसळत राहतील. ब्लूटूथ इअरबडही याच पट्ट्यात.

म्हणून गेमचं यंत्र ५ गिगाहर्ट्झवर न्या. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या, नाहीतर फोन कधी गुपचूप २.४ वर जाऊन बसतो ते कळतही नाही. पण ५ ला भिंती सोसत नाहीत. भाच्याचा राउटर हॉलच्या शोकेसमध्ये टीव्हीच्या मागे होता, आणि मधल्या खोलीत आरशाचं लोखंडी कपाट आडवं. आम्ही राउटर काढून पॅसेजमध्ये दारावरच्या फळीवर ठेवला. खोलीतले आकडे ३ ते ८ मध्ये आले.

तरी रात्री साडेनऊला गेम पुन्हा अडकायचाच. या वेळी पहिली विंडो शांत, दुसरी मात्र ३० वरून थेट ४०० वर. वायफाय सुटलं, गुन्हेगार दुसराच. रोज त्या वेळी माझी ताई फोन चार्जिंगला लावायची आणि दिवसभराचे फोटो, व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागायचे. अपलोडची वाट भरली की राउटर पॅकेट टाकून न देता रांगेत उभी करत जातो. गेमचं इवलंसं पॅकेट या लांबलचक रांगेच्या शेपटाला. याला बफरब्लोट म्हणतात. मला सगळ्यात जास्त हळहळ याच दुखण्याची वाटते, कारण माणसं यापायी महागडे 'गेमिंग' राउटर घेतात आणि प्लॅन बदलत राहतात.

तुमच्या राउटरमध्ये एसक्यूएम नावाची, पॅकेटांची रांग सांभाळणारी सेटिंग असेल तर ती चालू करा आणि अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ९० टक्क्यांवर ठेवा. मग रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि छोट्या पॅकेटला वाट मिळते. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ती सहज घालता येते. ती नसेल तर बॅकअप रात्री झोपताना. ताईने तेच केलं.

आणि शक्य असेल तिथे केबल ओढाच. साधी कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, आणि केबलवर माइकचं भांडणच नाही. टाइप सी ते लॅन अडॅप्टरने बऱ्याच अँड्रॉइड फोनलाही ती लागते. स्वस्त एकबँडी रिपीटर, म्हणजे वायफाय पुढे ढकलणारा डबा, मात्र गेमसाठी घेऊ नका. तो तेच पॅकेट त्याच हवेत दुसऱ्यांदा बोलतो.

गेममध्ये सर्व्हर कोणता निवडलाय तेही बघा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ४० मिलिसेकंद नुसत्या अंतराचे. मुंबईचा सर्व्हर असताना सिंगापूर कशाला?

आता समजा केबल लावली, घरातले सगळे फोन वायफायवरून काढले, तरी दुसरी विंडो रोज रात्री ९ ते ११ उसळतेच आहे. मग दोष तुमच्या घराबाहेर आहे. दोन्ही विंडोंचा फोटो घ्या, वर घड्याळातली वेळ दिसू द्या, आणि असे तीन रात्रींचे फोटो जोडून इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवा. टेक्निशियन दुपारी बाराला येतो म्हणाला तर त्याला स्पष्ट सांगा, दादा, रात्री साडेनऊला या.